नाबोथाचे उत्तर आणि तापीचा काठ

गेल्या काही वर्षांत आमच्या मंडळ्यांतून सृष्टीविषयीच्या खास उपासना होऊ लागल्या आहेत. सप्टेंबर महिन्यातील एखादा रविवार त्यासाठी राखला जातो, ऋतुमान बिघडविल्याची कबुली प्रार्थनेत दिली जाते, आणि अशा उपासनांच्या छापील क्रमात बहुधा एक वाक्य असतेच : मंडळीने आदिवासींचा आवाज ऐकावा. वाक्य खरे आहे. त्याच्याशी आमचे भांडण नाही. आमची तक्रार आहे ती त्या वाक्यानंतर जे येते त्याविषयी. त्यानंतर डोंगर येतो, ढोल येतो, रानातली पाखरे येतात, ‘निसर्गाची लेकरे’ हा शब्दप्रयोग येतो, आणि लगोलग आशीर्वचन होते. ज्याचा आवाज ऐकावयाचा तो माणूस नेमके काय म्हणाला, हे उपासना संपेपर्यंत कळत नाही.

ह्या उपासनांचे, आणि त्यांना आधार म्हणून जे लेखन पुढे केले जाते त्याचे, परीक्षण तापीच्या काठावरून करावे असा आमचा विचार आहे. सुरत शहर त्यासाठी अगदी योग्य ठिकाण आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे सेवक १८१५ साली तेथे आले व गुजराती पवित्र शास्त्राच्या आरंभीच्या भाषांतराचे काम तेथे झाले, एवढे आमच्या वाचकांस ठाऊक असेलच. आज लिंबायत किंवा उधना भागात फिरले तर खानदेशी बोली कानांवर पडते, कारण धुळे, नंदुरबार व जळगावकडील असंख्य कुटुंबे यंत्रमागांच्या कामासाठी तेथे जाऊन राहिली आहेत. तेव्हा सुरत परक्या प्रांतात असली तरी तिचे सुखदुःख आमच्या मंडळ्यांपासून दूरचे नाही.

शहराच्या वरच्या अंगास सुमारे शंभर किलोमीटरांवर उकाईचे धरण आहे. ते १९७२ साली पूर्ण झाले. पाटबंधारे, वीज आणि पूरनियंत्रण हे त्याचे हेतू होते. १९६८ च्या महापुराची आठवण सुरतेस ताजी होती. त्या जलाशयासाठी सुमारे १७० गावांना झळ पोहोचली. त्यांतील काही गावे तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातील, म्हणजे आजच्या नंदुरबारमधील होती. उठलेली माणसे बहुतांशी गामीत, वसावे, चौधरी, कोकणी, भिल्ल आणि मावची. पुढे २००७ साली सुरत जिल्ह्याचे पूर्वेकडील आदिवासी तालुके तोडून तापी नावाचा वेगळा जिल्हा करण्यात आला व व्यारा हे त्याचे मुख्य ठिकाण झाले. प्रशासनाच्या सोयीसाठी ते झाले असेल. परंतु परिणाम असा की सुरत जिल्ह्याचा नकाशा आज पाहिला तर त्यात धरण नाही, आणि धरणासाठी उठलेली गावेही नाहीत. पाणी तेवढे येते.

ते कसे येते हे ऑगस्ट २००६ मध्ये दिसले. उकाईतून नऊ लाख क्युसेकांच्या आसपास पाणी सोडावे लागले व शहराचा बहुतेक भाग बुडाला. जलाशय पावसाळ्याच्या मध्यालाच इतका भरून का ठेवला होता, हा वाद तेव्हापासून चालू आहे. त्यानंतर शहराने पुष्कळ काही केले, आणि त्याचे श्रेय त्यास दिले पाहिजे. आशियातील शहरांनी बदलत्या हवामानाला कसे तोंड द्यावे, ह्यासाठी रॉकफेलर फाउंडेशनने जो उपक्रम चालविला त्यात इंदूर व गोरखपूरबरोबर सुरतेची निवड झाली. पुराची पूर्वसूचना देण्याची व्यवस्था उभी राहिली. देशोदेशींचे अभ्यासक ती पाहण्यास आले. ह्या व्यवस्थेत वरचे खोरे येते ते पाण्याच्या पातळीच्या रूपाने. ३४५ फूट ही उकाईची पूर्ण पातळी पावसाळ्यात सुरतेच्या वर्तमानपत्रांतून रोज समोर असते. त्या ३४५ फुटांखाली कोणाची शेते होती हे त्या आकड्यात लिहिलेले नसते.

येथे आम्हांस १ राजे २१ ह्या अध्यायाकडे वळावेसे वाटते. नाबोथाच्या द्राक्षमळ्याची गोष्ट आम्ही शब्बाथशाळेपासून सांगत आलो आहो आणि तिचे तात्पर्य लोभाविषयी आहे असे मुलांस शिकवीत आलो आहो. अहाब लोभी, ईजबेल दुष्ट, नाबोथ बापडा. पण अध्याय सावकाश वाचला तर दोन गोष्टी डोळ्यांत भरतात. पहिली ही की अहाबाचे मागणे वाजवी होते. त्याने मळा हिसकावला नाही. त्याने त्याहून चांगला मळा देऊ केला, आणि तो नको असेल तर किंमत देऊ केली. आजच्या कोणत्याही पुनर्वसन धोरणाशेजारी हा देकार ठेवला तर तो उणा ठरणार नाही. पापाचा आरंभ देकारात नाही; देकाराला नकार मिळाल्यावर जे होते त्यात आहे. नकार हे उत्तर असू शकते, हे अहाबाच्या ध्यानीमनी नव्हते.

दुसरी गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि आमच्या विषयाचा गाभा तीच आहे. नाबोथाच्या उत्तरात देवाचे नाव आहे आणि वाडवडिलांचे वतन आहे. परमेश्वर मला असे करू न देवो, अशा अर्थाने तो बोलतो. मळा आपला एकट्याचा नाही, वडिलांकडून आलेला आहे, म्हणून तो देता येत नाही, असे कारण सांगतो. अहाब घरी येतो तेव्हा त्याच्या मनात ह्यांपैकी वतन तेवढे उरले आहे, देवाचे नाव गळले आहे (वचन ४). पुढे ईजबेल विचारते तेव्हा तो जे सांगतो त्यात वतनही नाही (वचन ६). तेथे आधी पैशाची गोष्ट येते, मग दुसऱ्या मळ्याची, आणि तो मळा ‘अधिक चांगला’ होता हेही गळते. नाबोथाच्या तोंडी उरते ते एवढेच की माझा मळा मी देणार नाही. ज्याने विश्वासाचे कारण सांगितले तो आता निव्वळ हटवादी माणूस झाला आहे. एका माणसाचा आवाज दोन वेळा सांगितला गेला, आणि दुसऱ्या खेपेस त्यात त्याचे असे काहीच राहिले नाही. दगड नंतर उचलले गेले. नाबोथाला मुका करण्याचे काम आधीच, घरातल्या घरात, बिछान्यावर तोंड फिरवून पडलेल्या राजाच्या एका वाक्याने झाले होते.

आदिवासींचा आवाज ऐकावा असे म्हणणाऱ्या प्रत्येक लेखनाला आम्ही हाच प्रश्न विचारू इच्छितो : सांगताना काय गळले?

शासनाच्या सांगण्यात काय गळते हे उघड आहे. तेथे वतनाचे क्षेत्रफळ होते आणि नकाराची वाढीव मोबदल्याची मागणी होते. शहराच्या सांगण्यात काय गळते ते वर आले. आमच्या मंडळीच्या सांगण्यात मात्र उलटा प्रकार घडतो, आणि म्हणून तो लवकर ध्यानात येत नाही. आम्ही देवाचे नाव ठेवतो, किंबहुना आदिवासीने घेतले नसेल इतक्या वेळा घेतो. वाडवडीलही ठेवतो, कारण ते उपासनेस शोभून दिसतात. गळतो तो मळा. सातबारा, वनहक्काचा दावा, ग्रामसभेचा ठराव, बुडीत क्षेत्राची रेघ ह्या गोष्टी आमच्या प्रार्थनांत येत नाहीत. अशा रीतीने अहाबाने जे टाकले ते आम्ही वेचून घेतो, आणि ज्यासाठी नाबोथ मेला तेवढे टाकून देतो.

जागतिक मंडळीच्या लेखनाविषयी बोलावयाचे तर पोप फ्रान्सिस ह्यांचे २०१५ चे ‘लाउदातो सी’ हे परिपत्र ह्या बाबतीत पुष्कळच सरस आहे. आमचे वाचक कोणत्याही संप्रदायाचे असोत, त्यातील १४६ वा परिच्छेद त्यांनी वाचावा. मूलनिवासी समाज हे संवादातील प्रमुख सहभागी व्हावेत, विशेषतः त्यांच्या भूमीवर मोठे प्रकल्प येतात तेव्हा, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. भूमी ही देवाची व पूर्वजांची देणगी आहे हेही म्हटले आहे. नाबोथाच्या उत्तरातील दोन्ही अंगे तेथे शाबूत आहेत आणि मळाही आहे. तरी एक उणीव आम्हांस जाणवते. हे समाज आपल्या भूमीवर राहतात तेव्हा ते तिची उत्तम काळजी घेतात, असा त्या परिच्छेदाचा भर आहे. भूमी सोडण्यासाठी त्यांच्यावर दडपण येते ह्याची नोंद तेथे आहे. परंतु भूमी सुटल्यावर त्या माणसाचे काय झाले, त्याचा आवाज कोठे ऐकावा, हे तेथे येत नाही. परिपत्र डोंगराच्या पायथ्यापर्यंत त्याच्याबरोबर येते आणि थांबते.

तापीच्या खोऱ्यात तो माणूस उसाच्या फडात भेटतो. बारडोली व सुरतेच्या परिसरातील सहकारी साखर कारखान्यांकडे ऊसतोडीसाठी डांग आणि खानदेशातून दरवर्षी आदिवासी टोळ्या जातात. यान ब्रेमन ह्या डच समाजशास्त्रज्ञाने १९७० च्या दशकापासून ह्या टोळ्यांविषयी लिहिले आहे. नवराबायकोच्या जोडीला तेथे ‘कोयता’ म्हणतात. माणसाला हत्याराचे नाव दिले गेले आहे. ज्या पाण्यावर हा ऊस वाढतो ते उकाई व काक्रापारच्या कालव्यांचे. म्हणजे ज्या समाजाची शेते त्या पाण्याखाली गेली त्याच समाजातील माणसे त्या पाण्यावर वाढलेला ऊस तोडतात. हंगामात नवापूर आणि डांगाकडील गावांतून उपासनेच्या चटया रिकाम्या पडतात, हे तेथील पाळकांस आम्ही सांगावयास नको. नाताळ फडावर जातो, आणि पुष्कळदा पुनरुत्थानाचा सणही.

ऋतुमानाचा बिघाड ह्या माणसाला कसा कळतो? मजुरी टनावर असते. अवकाळी पाऊस आला की फडात चिखल होतो, गाडी आत जात नाही, तोड थांबते, आणि तोड थांबली की पोटही थांबते. फेब्रुवारीच्या शेवटी उन्हाचा तडाखा पूर्वीपेक्षा लवकर सुरू झाला की पाचटात उभे राहणे कठीण होते. हवामानबदलाविषयी आदिवासींचा आवाज ऐकावयाचा असेल तर तो येथे ऐकू येतो, पण तो मजुरीविषयीचा आवाज आहे, पाण्याच्या हंड्याविषयीचा आहे, उचल घेतलेल्या पैशाविषयीचा आहे. त्यात पाखरे नाहीत. आमच्या उपासनाक्रमांत तो बसत नाही, म्हणून आम्ही तो हवामानाचा धरीत नाही. हे टीका म्हणून कठोर वाटेल. पण आमच्या संग्रहातील सृष्टिविषयक प्रार्थना चाळून पाहता ‘उचल’ हा शब्द आम्हांस त्यांत आढळला नाही.

निसर्गाची लेकरे ह्या शब्दप्रयोगाचा दुसराही एक तोटा आहे. लेकराशी कोणी करार करीत नाही. आदिवासी माणसाला कालव्याचे पाणी हवे असते, मुलीसाठी नर्सिंगचे शिक्षण हवे असते, रस्ता हवा असतो, आणि त्याने कधी जंगलही तोडलेले असते. उकाईच्या जलाशयात मासेमारी करणाऱ्या सहकारी संस्था विस्थापितांच्याच आहेत; उन्हाळ्यात पाणी ओसरले की उघड्या पडलेल्या गाळपेर जमिनीवर पीक घेण्याची धडपडही तेच करतात. ज्या धरणाने त्यांना उठविले त्याच्याशी त्यांनी पुढे व्यवहार केला. हे सारे सांगितले तर आवाजाचे पावित्र्य कमी होते असे आमच्या काही बंधूंना वाटते. आम्हांस तसे वाटत नाही. नाबोथ साधू होता असे शास्त्र म्हणत नाही. मळा त्याचा होता एवढेच म्हणते.

ह्या बाबतीत मंडळीने आपल्या इतिहासाकडेही पाहणे प्राप्त आहे. डांग, व्यारा आणि नवापूर ह्या पट्ट्यात मिशनांनी शाळा काढल्या, दवाखाने काढले. चिंचपाड्याचे ख्रिस्ती रुग्णालय आजही चालू आहे. मावची व गामीत भाषांत नवा करार छापला गेला, आणि त्या भाषांना छापील अक्षर देण्याच्या कामात त्याचा वाटा मोठा आहे. हे खरे. पण पेरणीच्या वेळी कणसरीचे नाव घेणे, डोंगरदेवाला पहिले धान्य ठेवणे, ह्या सगळ्यास आम्ही एकाच शब्दात मोडीत काढले. त्या विधींत बियाणे राखण्याचे, रानाचा काही भाग न तोडण्याचे जे नियम होते ते वेगळे काढून पाहण्याची तसदी घेतली नाही. आता सत्तर-ऐंशी वर्षांनी तीच मंडळी येऊन विचारते, तुमचे पारंपरिक ज्ञान काय? ज्या आजीला विचारावयाचे तिला आम्हीच गप्प बसावयास शिकविले होते. झारखंडचे बिशप निर्मल मिंझ ह्यांच्यासारख्या आदिवासी ईश्वरविज्ञानकारांनी ह्या जखमेविषयी लिहिले. पश्चिम भारतात तसे लेखन अद्याप फारसे झालेले नाही.

आणि येथे एक अडचण आहे, जी दुरून लिहिणाऱ्यांस कळत नाही. १९९८ च्या नाताळात डांगात अनेक प्रार्थनागृहे जाळली गेली, पाडली गेली. आज धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातींच्या यादीतून काढावे अशी मागणी गुजरात, महाराष्ट्र व मध्य प्रदेशात मोर्चे काढून केली जाते. अशा स्थितीत ख्रिस्ती आदिवासीने वनहक्काविषयी तोंड उघडले तर तू आदिवासीच कोठे राहिलास, असे त्यास विचारले जाते. आणि मंडळीने त्याच्या वतीने तोंड उघडले तर हा धर्मप्रसार ठरतो. त्यामुळे पुष्कळ पाळक जमिनीच्या प्रश्नावर मौन धरतात. त्यांना आम्ही भित्रे म्हणणार नाही. मात्र जे मौन भयापोटी धरले आहे त्याला अध्यात्माचे नाव देऊ नये, आणि त्याची भरपाई म्हणून सप्टेंबरात ढोल वाजवू नये.

१ राजे २१ मध्ये नगराचे वडीलजन आहेत. त्यांच्याकडे राजाच्या शिक्क्याची पत्रे येतात, आणि त्यांत पहिली आज्ञा उपवास पुकारण्याची असते. धार्मिक विधी आधी, मग खोटे साक्षी, मग धोंडमार. ज्याने देवाचे नाव घेऊन नकार दिला त्याच्यावर देवाची निंदा केल्याचा आरोप येतो. ह्या वडीलजनांविषयी आम्ही उपदेश ऐकलेला नाही. बहुधा ते आमच्याच बाकांवर बसत असावेत म्हणून असेल.

आता अलीकडची गोष्ट. फेब्रुवारी २०२२ मध्ये केंद्रीय अर्थसंकल्पाच्या भाषणात पार–तापी–नर्मदा नदीजोड प्रकल्पाचा उल्लेख झाला. सह्याद्रीच्या पश्चिम उतारावरील नद्यांवर सात धरणे बांधून पाणी उत्तरेकडे न्यावयाचे, अशी ही योजना; त्यांतील एक धरण नाशिक जिल्ह्यात, बाकीची वलसाड व डांगात. पाण्याचा तुटवडा भरून काढणे हे तिचे समर्थन होते, आणि ऋतुमान बिघडत असता ते समर्थन अधिकच वजनदार वाटते. चांगल्या मळ्याच्या बदल्यात मळा, असाच हा देकार. धरमपूर, डांग, व्यारा येथे मोर्चे निघाले. मे महिन्यात योजना रद्द केल्याची घोषणा गुजरातच्या मुख्यमंत्र्यांनी सुरतेतच केली. लोकांनी ती ऐकली आणि श्वेतपत्रिका काढा म्हणून मागणी केली. ऑगस्ट २०२५ मध्ये धरमपुरास पुन्हा मोर्चा निघाला आणि योजना रद्दच आहे असे शासनाला पुन्हा सांगावे लागले.

लेखी द्या, ह्या मागणीची काही सुशिक्षितांनी थट्टा केली. आम्हांस तीत त्या लोकांचे सर्वांत मोठे शहाणपण दिसते. तोंडी शब्द दुसऱ्या तोंडी गेला की बदलतो हे उकाईने त्यांना शिकविले आहे. पारंपरिक ज्ञान म्हणून आम्ही जे शोधत असतो त्यात हेही धरावे. १९९६ चा पेसा कायदा आणि २००६ चा वनहक्क कायदा ह्यांनी ग्रामसभेच्या शब्दाला कागदावर स्थान दिले. २०१३ साली ओडिशातील नियमगिरीच्या बारा ग्रामसभांनी खाणीला नकार दिला आणि तो नकार टिकला. हवामानासाठी करावयाच्या कृतीत, मग ती धरणाची असो, सौर उद्यानाची असो वा भरपाईच्या वृक्षलागवडीची असो, नकार हे उत्तर मान्य आहे काय, हा प्रश्न मंडळीने विचारला पाहिजे. झाडे लावण्याच्या कार्यक्रमाला पाळकाला बोलावणे येते तेव्हा ती जमीन कोण कसत होते हे विचारणे त्याच्या सेवाकार्यात बसते.

ज्या १९७२ साली उकाईचे काम पूर्ण झाले त्याच वर्षी तापीच्याच खोऱ्यात, शहाद्यास, अंबरसिंग सुरतवंती व त्यांच्या सहकाऱ्यांच्या प्रयत्नांतून श्रमिक संघटना उभी राहिली. त्या चळवळीतून पुढे आलेले भिल्ल कवी वाहरू सोनवणे ह्यांच्या ‘स्टेज’ ह्या कवितेचा विषय आमच्या विषयाहून वेगळा नाही : आपले दुःख दुसऱ्याच्या तोंडून, दुसऱ्याच्या व्यासपीठावरून ऐकावे लागणे. ‘गोधड’ हा त्यांचा संग्रह १९८७ चा आहे. आमच्या ईश्वरविज्ञान शाळांच्या ग्रंथालयांत तो असावयास हवा. आणि प्रस्तुत लेखही व्यासपीठावरूनच लिहिला आहे, हे आम्ही विसरलेलो नाही.

एलीया अहाबाला भेटतो तो राजवाड्यात नव्हे, मळ्यात. तोपर्यंत नाबोथ मेलेला असतो. संदेष्ट्याला उशीर झाला, तरी तो जागेवर गेला.

येत्या सप्टेंबरासाठी आमची सूचना लहान आहे. छापील क्रमात आवाज ऐकावा हे वाक्य आले की तेथे थांबावे, आणि नवापूर, उच्छल वा आहव्याकडील कोणी बाई किंवा पुरुष मंडळीत असेल तर त्याला त्याच्या बोलीत बोलू द्यावे : कोणती जमीन, कोणाच्या नावावर, दावा कोठे अडला आहे, फडावर काय झाले. दुभाष्याने ते मराठीत सांगावे. मग ते मराठी पुन्हा त्याच्या बोलीत त्यालाच ऐकवावे आणि सगळ्यांसमोर विचारावे, तू हेच म्हणालास का? तो नाही म्हणाला तर पुन्हा सांगू द्यावे. उपासना दहा मिनिटे लांबेल.